तुकडा तपासायला देताना

परकराची नाडी रोज एकाच जागी, एकाच ताणाने बांधली जाते, आणि असं चाळीस-पन्नास वर्षं चालतं. त्या जागी आधी काळपट वळ उठतो. मग कातडी जाडसर, खरखरीत होते, खाज सुटते. उन्हाळ्यात नाडीखाली घाम साचतो आणि वळ चिघळतो. त्यावर खोबरेल तेल लावलं जातं, हळद दाबली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी पुन्हा तिथेच आवळली जाते. कंबर झाकलेली, त्यामुळे जखम कुणाला दिसत नाही. दाखवायची म्हटलं तर लुगडं सैल करावं लागतं, म्हणून ती दाखवली जात नाही.

२०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकिगत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पहिल्या बाई सत्तर वर्षांच्या. नऊवारी नेसणाऱ्या, आत घट्ट बांधलेला परकर. कुशीवरची त्यांची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धातल्या. चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडंच कंबरेला घट्ट आवळून नेसलेल्या. त्यांची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्याही जखमेचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कातडीचा कर्करोग निघाला. दुसऱ्या बाईंच्या बाबतीत तो जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

हा आजार नवा नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहून ठेवलं होतं. वरून चट्टाच दिसत होता. त्याच्या आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याने सांगितलं.

‘बायोप्सी’ हा शब्द आता मराठीत रुळला असला, तरी घराघरांत अजून ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ असंच म्हणतात आणि ते म्हणताना आवाज खाली येतो. तुकडा म्हणजे कॅन्सर, असं समीकरण मनात बसलेलं असतं. त्यात भर म्हणजे ‘सुरी लागली की पसरतो’ ही धास्ती. अनेक रुग्ण तपासणीची तारीख घेऊन घरी जातात ते परत येतच नाहीत, यामागे पुष्कळदा हेच वाक्य असतं. कातडीचा तुकडा काढल्यामुळे आजार पसरतो, याला आधार नाही. ज्याच्या बाबतीत ‘तुकडा काढला आणि पसरलं’ असं सांगितलं जातं, तो माणूस बहुधा मुळात उशिरा आलेला असतो. रोग आधीच पुढे गेलेला असतो, आणि तुकड्याने तो फक्त उघड होतो.

शिवाय कातडीचे कितीतरी तुकडे कर्करोगासाठी काढलेच जात नाहीत. सोरायसिस आहे की जुनाट इसब, अंगावरचे फोड पेम्फिगसचे आहेत की दुसऱ्या कशाचे, पायावरचे लाल ठिपके रक्तवाहिन्यांच्या सुजेमुळे आहेत का, फिकट चट्टा कुष्ठरोगाचा आहे का, असे प्रश्न नजरेने सुटत नाहीत तेव्हा डॉक्टर तुकडा मागतात. ‘बायोप्सी’ हा शब्दसुद्धा एका त्वचारोगतज्ज्ञानेच रूढ केला. पॅरिसचे एर्नेस्ट बेनिए यांनी १८७९ मध्ये तो वापरला. जे जिवंत आहे ते पाहणं, असा त्याचा ग्रीक मुळावरून अर्थ. त्यानंतर आठ वर्षांनी, १८८७ मध्ये, न्यूयॉर्कचे एडवर्ड कीझ यांनी कातडीतून गोल तुकडा काढणारं एक छोटं नळीसारखं हत्यार मांडलं. आजही त्वचारोगतज्ज्ञाच्या टेबलावर तेच असतं. त्याला पंच म्हणतात.

कातडी सगळीकडे सारखी नसते. पापणीची कातडी एक मिलिमीटरसुद्धा जाड भरत नाही. तळपायावर नुसता वरचा थरच दीड मिलिमीटरपर्यंत असतो. ओठ, पापणी, कानाची पाळी, स्तनाग्राभोवतीचा भाग, काख, जांघ, जननेंद्रियं ही नाजूक ठिकाणं. यांतल्या बऱ्याच ठिकाणी मज्जातंतूंची टोकं दाट असतात, म्हणून सुई जास्त टोचते. काही जागी दिवसभर घर्षण आणि घाम चालू असतो. दुसरी बाजू अशी की चेहरा, ओठ आणि जननेंद्रियांच्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे तिथे रक्त जरा जास्त येतं, पण जखमही पायावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते.

याच नाजूक भागात एक आजार वर्षानुवर्षं दडून राहतो. लायकेन स्क्लेरोसस असं त्याचं नाव. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो, लहान मुलींमध्ये आणि पुरुषांमध्येही होतो. योनीभोवतीची कातडी पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते. रात्री झोपमोड करणारी खाज सुटते. ‘वयामुळे कोरडेपणा’ किंवा ‘बुरशी’ समजून मेडिकलमधून मलम आणलं जातं आणि वर्षं निघून जातात. खरं तर योग्य ताकदीचं स्टेरॉइड मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलं, तर हा आजार चांगला आटोक्यात राहतो. दुर्लक्ष झालं तर थोड्या रुग्णांमध्ये तिथे कर्करोग होऊ शकतो. प्रत्येकीचा तुकडा काढावाच लागतो असं नाही. चित्र स्पष्ट असेल तर थेट उपचार सुरू होतात, लहान मुलींमध्ये तर शक्यतो तुकडा टाळतात. पण जखम भरत नसेल, एखादा भाग जाड किंवा टणक लागत असेल, औषधाला दाद मिळत नसेल, तर तपासणी पुढे ढकलू नये.

तयारीला तपासणीच्या दिवसाआधीच सुरुवात होते, आणि तिचा पहिला भाग म्हणजे डॉक्टरांना सगळं सांगणं. रोज चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्यावी किंवा गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकावीत. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल हटकून सांगावं, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करू नयेत. हृदयासाठी किंवा लकव्यानंतर चालू असलेली गोळी एवढ्याशा तुकड्यासाठी थांबवणं, हे थोड्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी धोक्याचं असतं. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच तुकडा काढतात. मधुमेह, पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, गरोदरपण, आधी दाताच्या इंजेक्शनने आलेली चक्कर, चिकटपट्टीची किंवा एखाद्या मलमाची अॅलर्जी, आणि जुनी जखम फुगून टणक गाठीसारखी झाल्याचा अनुभव, म्हणजे केलॉइड, हे सगळं आधी कळलेलं बरं. छाती, खांदा आणि कानाची पाळी या जागी केलॉइड होण्याची शक्यता जास्त असते.

मलमाबद्दल संकोच न करता सांगावं. आपल्याकडे खाजेवर मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. ते आठवडाभर चोळून गेल्यास कातडीतली सूज दबते आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र पुसट होतं. डॉक्टर कधी कधी ते थांबवून थोड्या दिवसांनी तुकडा घ्यायचं ठरवतात. शेजारणीने दिलेली ट्यूब असो वा गावच्या वैदूचा लेप, डबी किंवा निदान तिचा फोटो सोबत न्यावा.

त्या दिवशी उपाशी जायचं नसतं. ही पूर्ण भूल नव्हे, फक्त ती जागा बधिर होते. पोळी-भाजी खाऊन, पाणी पिऊन गेलेल्या माणसाला चक्कर येण्याची शक्यता कमी असते. आंघोळ आधीच उरकावी, कारण पुढचा एक दिवस ती जागा कोरडी ठेवायची आहे. तिथे पावडर, तेल किंवा क्रीम लावू नये. केस काढायचे असतील तर ते दवाखान्यात काढतील. घरी वस्तरा फिरवला की बारीक जखमा होतात. कंबरेची तपासणी असेल तर सैल गाऊन किंवा इलॅस्टिकची सलवार, जांघेची असेल तर सुती, सैल अंतर्वस्त्र आणि सोबत एक जास्तीचं सॅनिटरी पॅड, एवढी तयारी पुष्कळ उपयोगी पडते. पाळीच्या दिवसांत पॅड घासणार असेल तर डॉक्टरांना विचारून तारीख बदलता येते.

एक गोष्ट अनेकींना माहीत नसते. नाजूक जागेच्या तपासणीच्या वेळी सोबत नर्स किंवा घरची बाई हवी, असं म्हणता येतं. पडदा ओढून घ्यायला सांगता येतं. ज्या भागाची गरज नाही तो झाकून ठेवायला सांगता येतं. मध्येच ‘थांबा’ म्हणता येतं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तुकडा किती मोठा, किती टाके, अहवाल कधी, वण कसा राहील, हे विचारून घ्यावं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट रुग्णाचं अंग सैल झालेलं त्याच्या हातालाच कळतं.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते पेनाने. डॉक्टर जागेवर छोटं वर्तुळ काढतात, कारण भुलेच्या औषधाने कातडी फुगली आणि पांढरी पडली की मूळ डाग ओळखू येत नाही. जखम असेल तर तिच्या मध्यातून तुकडा घेत नाहीत, तिथे बरेचदा मेलेलाच भाग हाती लागतो. कडेची, जिवंत बाजू निवडतात.

मग सुई. भुलेचं औषध म्हणजे लिडोकेन, जे निल्स लॉफग्रेन या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १९४३ मध्ये तयार केलं. ते आम्लधर्मी असल्याने आत जाताना जळजळतं. त्यात थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं, बारीक सुई वापरली आणि औषध सावकाश सोडलं की ही जळजळ बरीच कमी होते. फारच हळव्या जागी आधी बधिर करणारं क्रीम लावता येतं. साध्या कातडीवर ते झाकून तासभर ठेवावं लागतं, जननेंद्रियांच्या ओलसर अस्तरावर मात्र पाच-दहा मिनिटांतच काम करतं. ते किती आणि कुठे लावायचं हे दवाखान्यातच ठरावं. रक्त कमी यावं म्हणून औषधात अॅड्रेनलिन असेल, तर छातीत थोडी धडधड जाणवते आणि ती लवकरच ओसरते. या सगळ्यात खरं दुखणं आहे ते या सुईचं, दहा-वीस सेकंदांचं.

पुढे दुखत नाही, दाब मात्र कळतो. हा फरक आधी सांगितलेला असला की माणूस घाबरत नाही. पंचाचं तोंड साधारण चार मिलिमीटरचं, म्हणजे तुरीच्या दाण्याहूनही लहान. चेहऱ्यावर तीन मिलिमीटरचंही चालतं. डॉक्टर डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणतात आणि उजव्या हाताने पंच टेकवून, पेन्सिलला टोक करावं तसा बोटांत फिरवत खाली दाबतात. कातडी कुठल्या दिशेला ताणायची यालाही शास्त्र आहे. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये कातडीतल्या ताणाच्या रेषा मांडल्या. त्या रेषांना आडवा ताण देऊन पंच फिरवला, की बोटं सोडल्यावर गोल भोक आपोआप लांबट होतं आणि टाका घातल्यावर वण एका बारीक रेघेत बसतो. तुकडा चिमट्यात दाबला तर पेशी चिरडतात, म्हणून तो सुईच्या टोकाने अलगद उचलतात आणि खालून कात्रीने सोडवतात. एक-दोन टाके, पट्टी, आणि काम झालं. रुग्ण बाकावर बसल्यापासून उठेपर्यंत बहुतेक वेळा अर्धा तासही लागत नाही.

तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. ती बाटली नीट पाहावी. तिच्यावर नाव, वय आणि शरीराची जागा लिहिलेली असावी. फोडांच्या आजारात कधी कधी दोन तुकडे घेतात. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा असतो आणि तो फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही, त्यासाठी वेगळा द्राव लागतो. घरच्या माणसाच्या हाती बाटल्या देऊन त्या लॅबमध्ये पोहोचवायला सांगितलं असेल, तर कुठली बाटली कशासाठी हे विचारून घ्यावं आणि त्या अदलाबदल होऊ देऊ नयेत.

घरी आल्यावर दोन-तीन तासांत बधिरपणा उतरतो. तोवर ओठाचा तुकडा काढलेल्याने गरम चहा पिऊ नये, कारण भाजल्याचं कळत नाही आणि ओठ दाताखाली येतो. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरते. पट्टीवर रक्ताचा डाग दिसणं साहजिक आहे. रक्त वाहू लागलं तर स्वच्छ घडी केलेलं कापड ठेवून सलग पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून दाबावं. दर मिनिटाला कापड उचलून पाहिलं की बनत आलेली गुठळी सुटते. एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करावा.

चोवीस तासांनंतर जखम साध्या साबण-पाण्याने हलकेच धुता येते. टिपून कोरडी करावी, वर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि स्वच्छ पट्टी लावावी. ‘जखमेला हवा लागली पाहिजे, खपली धरली पाहिजे’ हा आपल्याकडचा पक्का समज. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की ओलसर ठेवलेली जखम उघड्या, सुकलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कोरडी खपली नव्या पेशींची वाट अडवते. अँटिबायोटिक मलमाचीही दर वेळी गरज नसते. १९९६ मध्ये अमेरिकेत नऊशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर साधी पेट्रोलियम जेली लावलेल्यांना आणि बॅसिट्रॅसिन मलम लावलेल्यांना होणाऱ्या जंतुसंसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. नाजूक कातडीला हे जास्तच लागू पडतं. निओमायसिन आणि फ्रामायसेटिन असलेल्या मलमांची अॅलर्जी होऊन जखमेभोवती लालसर, खाजरं पुरळ येतं, मग ‘जखम बिघडली’ म्हणून तेच मलम आणखी लावलं जातं.

हळदीबद्दल घरातल्या मोठ्यांचं मन दुखवायची गरज नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती टाक्यात अडकते आणि जखम लाल झाली आहे का तेही दिसू देत नाही. चुना, टूथपेस्ट, कॉफीची पूड या गोष्टी तर मुळीच लावू नयेत.

पुढची काळजी जागेनुसार बदलते. पापणीचा तुकडा काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा सुजलेला, कधी काळानिळा दिसतो. उशी उंच घेऊन झोपल्याने आणि स्वच्छ कपड्यात गुंडाळलेल्या थंड शेकाने सूज उतरते. ओठाची जखम असताना तिखट, गरम आणि कुरकुरीत पदार्थ काही दिवस टाळावेत. तंबाखू आणि मिश्री ओठाजवळही येऊ नये. जननेंद्रियाजवळच्या जखमेला लघवीच्या वेळी चुरचुर होते. त्या वेळी तांब्याने कोमट पाण्याची धार सोडली की चुरचुर लगेच कमी होते. नंतर पुढून मागे टिपून कोरडं करावं. सायकल, दुचाकीवरचा लांबचा प्रवास, पोहणं आणि शरीरसंबंध जखम भरेपर्यंत थांबवावेत, ते किती दिवस हे संकोच न करता डॉक्टरांना विचारावं. कंबरेवरच्या जखमेवर नाडी, पट्टा किंवा जीन्सची कड येऊ देऊ नये.

चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, अंगावरचे आणि हातांवरचे दहा-बारा दिवसांत, पायावरचे दोन आठवड्यांनी. ओठ आणि जननेंद्रियाच्या भागात बहुधा विरघळणारे टाके असतात. ते आपोआप गळतात, सुटा धागा दिसला तरी ओढू नये. पहिले एक-दोन दिवस कडेला थोडी लाली आणि ठणका असतो. ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला, लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबातच नाही.

तोवर तुकड्याचा वेगळा प्रवास चालू असतो. फॉर्मॅलिनमध्ये तो घट्ट होतो, अल्कोहोलमधून जाताना त्यातलं पाणी निघतं, मग त्याला मेणाच्या वडीत बसवतात. त्या वडीचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ पापुद्रे काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशींचं केंद्रक निळं-जांभळं, बाकीचा भाग गुलाबी. साध्या तपासणीला काही दिवस ते आठवडा लागतो. खास रंग किंवा जास्तीच्या चाचण्या लागल्या तर आणखी. अहवालाला उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईट निघालं, असा अर्थ काढू नये.

अहवाल हातात आला की तो मोबाइलवर शब्द शोधत वाचण्यापेक्षा ज्यांनी कातडी पाहिली आहे त्या डॉक्टरांसमोर ठेवावा. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र आणि अंगावरचं चित्र जुळवूनच निदान होतं. कधी अहवाल अनिश्चित येतो आणि दुसरा तुकडा घ्यावा लागतो, त्यात कुणाची चूक असतेच असं नाही. काचपट्ट्या आणि मेणाची वडी लॅबमध्ये जपून ठेवलेली असते. दुसरं मत हवं असेल तर ती मागून घेता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावचे कितीतरी रुग्ण आपल्या गावच्या लॅबमधल्या काचपट्ट्या आणि वड्या सोबत घेऊनच येतात.

कंबरेवरचा तो चार मिलिमीटरचा वण सुरुवातीला गुलाबी असतो. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर तो पुढे काही महिने तपकिरी दिसतो, मग हळूहळू फिका पडतो. अहवालात कर्करोग नसला तरी डॉक्टर एक गोष्ट सांगून ठेवतात, आणि वर्धा-मधुबनीच्या डॉक्टरांनीही ती लिहून ठेवली आहे: परकर सैल बांधा. घरी आल्यावर त्याच परकराला सुतळीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टा शिवता येतो. गाठ एक दिवस वर, एक दिवस खाली घेता येते. रात्री झोपताना गाऊन घातला की कंबर मोकळी राहते. आणि महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, आरशासमोर उभं राहून नाडीच्या जागेवरून बोट फिरवून पाहता येतं, की कातडी मऊ आहे का.